दवाखाना टाकण्याआधी एक वही घ्या

इंटर्नशिप संपली की दरवर्षी दोन-चार मुलं-मुली मला भेटायला येतात. पीजीला, म्हणजे पुढच्या स्पेशालिस्टच्या शिक्षणाला, नंबर लागला नाही तर जनरल प्रॅक्टिस करावी का, असं विचारतात. त्या ‘नाही तर’चं मला वाईट वाटतं. नागपूरच्या नंदनवन भागात दवाखाना टाकून मला अठरा वर्षं झाली, पण फॅमिली डॉक्टरचं काम काय असतं हे मला कोरोनाने नीट शिकवलं.

नागपुरात पहिला रुग्ण सापडला 11 मार्च 2020 ला. त्याच महिन्याच्या 25 तारखेला टेलिमेडिसीनची नियमावली आली आणि फोनवर औषध लिहून देणं नियमात बसलं. ती नियमावली तुम्ही वाचाच. प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक हवा, सल्ल्याची नोंद ठेवायला हवी आणि काही औषधं नुसत्या फोनवर लिहिताच येत नाहीत.

दवाखान्यात एक बदल लगेच केला. एसी बंद केला आणि खिडकीतला कूलर सुरू ठेवला. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो. पेशंटच्या खुर्च्या बाहेर कडुनिंबाखाली मांडल्या.

खरी परीक्षा एप्रिल 2021 मध्ये झाली. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, खाजगी रुग्णालयं, कुठेच बेड मिळेना. माझ्या यादीतले बहुतेक रुग्ण घरीच होते. त्यांच्यातलं कोण घरी बरं होईल आणि कोणाला आजच हलवायला हवं, हे ओळखणारं त्या घरांना माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

त्यासाठी मी एक लांब वही केली होती. नाव, शुगर-बीपी, घरात माणसं किती, सकाळ-संध्याकाळचा ऑक्सिजन. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना, पहिला ताप कधी आला. लोक रिपोर्टच्या तारखेपासून दिवस मोजतात. आजार मात्र पहिल्या लक्षणापासून चालतो, आणि साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात माणूस अचानक बिघडू शकतो.

एका काकांच्या बाबतीत मी इथेच चुकलो. रिपोर्ट येऊन तीन दिवस झाले होते, म्हणून मी तिसरा दिवस धरला. ताप त्याच्या पाच दिवस आधीचा होता. “बरं वाटून राहिलं डॉक्टरसाहेब,” म्हणाले. बसल्या जागी ऑक्सिजन 95. मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाचा फोन आला, 82 दाखवतंय. बेड मिळेपर्यंत रात्रीचे दोन वाजले. काका परत आले नाहीत.

त्यानंतर नुसत्या आकड्यावर मी विश्वास ठेवला नाही. फोनचा स्पीकर सुरू ठेवून प्रत्येकाला घरातल्या घरात सहा मिनिटं चालायला लावायचो. एका काकूंच्या चपलांचा आवाज मला अजून आठवतो. आधी बरोबर लयीत, मग मध्येमध्ये थांबत. “नातवाचं... जेवण... व्हायचं आहे,” असं तोडून बोलू लागल्या. बसल्या असताना 96 होतं, चालल्यावर 90. त्याच दुपारी त्यांना हलवलं आणि नवव्या दिवशी त्या चालत घरी आल्या. चालल्यावर ऑक्सिजन 94 च्या खाली गेला किंवा 3 पेक्षा जास्त घसरला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

‘नाही’ म्हणायलाही शिका. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा होतो, ज्याला लागत नाही त्याला होत नाही, हे जून 2020 मध्येच अभ्यासातून समोर आलं होतं. तरी पहिल्याच तापाला स्टेरॉइड घेतलेले मधुमेही माझ्याकडे शुगर 400 घेऊन आले. त्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने याच लोकांना गाठलं. व्हॉट्सअॅपवर फिरणारी चिठ्ठी दाखवून लोक तेच औषध मागायचे, चिडायचे. ज्या घराशी दहा वर्षांची ओळख होती, ते घर चिडूनही ऐकायचं. लशीच्या वेळीही तसंच. म्हातारी माणसं आधी विचारायची, “तुम्ही घेतली का?”

म्हणून वही साथीची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात सुरू करा. कोणाला शुगर आहे, कोणाकडे ऑक्सिमीटर आहे, गाडी चालवणारं कोण आहे. आणि जिथे मुलं पुण्या-बंगळुरूला आणि आईवडील दोघंच इथे आहेत, ती घरं वेगळ्या पानावर लिहा. माझ्या वहीत अशी एकतीस घरं आहेत. प्रत्येकापुढे शेजाऱ्याचा नंबर आहे आणि दिवाळीच्या सुमारास मी ते सगळे नंबर एकदा लावून पाहतो.