तुरुंगभेटीच्या बससेवेचा परवाना कसा काढावा

कैद्यांना भेटायला जाणाऱ्या नातेवाइकांसाठी बस चालवायची असेल, तर आधी एक ठरवा: भाडे सीटमागे घेणार, की अख्खी गाडी एखाद्या संस्थेला देणार? ठरलेला मार्ग, वेळापत्रक आणि सीटमागे भाडे असेल, तर बहुतेक ठिकाणी ती सार्वजनिक वाहतूक धरतात आणि परवाना वेगळा लागतो. अख्ख्या गाडीच्या परवान्यावर वाटेत सुटे प्रवासी घेतले की गाडी अडकते. सेवा 'मोफत' म्हणून देणगी घेतली, तरी तिला भाडे मानले जाऊ शकते.

वेळापत्रक भेटीच्या वेळेवरून उलटे मांडा. समजा भेट १० वाजता, नोंदणी व झडतीला १ तास, प्रवास २ तास, थांबे आणि खोळंब्याला अर्धा तास. म्हणजे गाडी साडेसहालाच सुटायला हवी. परतीपर्यंत चालकाच्या कामाच्या तासांची मर्यादा ओलांडली जात असेल, तर दुसरा चालक दाखवा.

कारागृह प्रशासनाकडून लेखी पत्र घ्या: भेटीचे दिवस, उतरण्याची जागा, गाडी कुठे थांबेल. हे पत्र म्हणजे परवाना नव्हे. उलट परवाना असला म्हणून आवारात प्रवेश मिळेलच असेही नाही.

विमा भाड्याने प्रवासी नेण्याचाच हवा, खाजगी वापराचा चालत नाही. परवान्याच्या अर्जासोबत गाडीची नोंदणी, फिटनेस आणि चालकाची कागदपत्रे जोडा.

त्या मार्गावरच्या जुन्या वाहतूकदाराने तुमच्या अर्जाला हरकत घेतली, तर त्याची गाडी भेटीच्या वेळेआधी पोहोचत नाही हे वेळापत्रकासह दाखवा. सेवेला मागणी आहे याच्या पुराव्यात प्रवाशांची संख्या पुरते. नातेवाइकांची नावे कशाला जोडायची?