पुन्हा पुन्हा लागणारा चेक इंजिनचा दिवा : जुन्या मियाटाचे निदान कसे करावे

डॅशबोर्डवरचा पिवळा चेक इंजिनचा दिवा एकदा लागून विझला, तर माणूस तो विसरून जातो. तोच दिवा कोड (गाडीच्या संगणकाने नोंदलेला दोषाचा क्रमांक) पुसल्यावर दोन दिवसांनी पुन्हा लागू लागला, की मालक हळूहळू एकेक भाग बदलण्याच्या मार्गाला लागतो आणि बहुतेक पैसा तिथेच वाया जातो. माझ्याकडे २००१ सालची माझ्दा एमएक्स-५ मियाटा आहे. कॅलिफोर्नियात अशा गाडीला ठरावीक काळाने स्मॉग चाचणी (प्रदूषणाची तपासणी) द्यावी लागते आणि हा दिवा लागलेला असेल तर ती चाचणी उत्तीर्ण होत नाही, त्यामुळे दिव्याकडे दुर्लक्ष करण्याची सोय इथे नाही. पुढे दिलेली पद्धत या गाडीवरून सांगितलेली असली, तरी अमेरिकेत १९९६ पासूनच्या कोणत्याही पेट्रोल गाडीला ती लागू पडते. भारतात ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष नोंदण्याची ही प्रमाणित व्यवस्था) एप्रिल २०१३ पासून सक्तीचे झाले, तेव्हा त्यानंतरच्या गाड्यांनाही ती बऱ्याच अंशी चालेल.

आधी दिवा नीट पाहावा. तो स्थिर पिवळा असेल तर गाडी जपून चालवत घरी आणता येते. तो लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही, न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळते आहे आणि कन्व्हर्टर तापून निकामी होण्याचा धोका आहे, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी बाजूला घ्यावी. लाल रंगाचा ऑइलच्या दाबाचा दिवा हे वेगळे प्रकरण आहे, तो दिसताच इंजिन बंद करावे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता पाहिले, तर चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर दिव्याचा बल्ब गेला आहे, किंवा कोणीतरी मुद्दाम काढून ठेवला आहे.

आता स्कॅनर, म्हणजे कोड वाचणारे यंत्र, जोडावा. सोळा पिनांचा सॉकेट स्टीअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला असतो. स्कॅनरचा पडदा उजळला नाही तर आधी फ्यूज तपासावा, कारण सॉकेटच्या सोळाव्या पिनेवर बॅटरीचा थेट प्रवाह असायला हवा. मोबाइलशी ब्लूटूथने जोडले जाणारे स्वस्त अडॅप्टरही चालतात. मात्र या पिढीच्या गाड्या आयएसओ ९१४१ या जुन्या, संथ पद्धतीने बोलतात, म्हणून एकाच वेळी वीस आकडे पडद्यावर मागितले तर प्रत्येक आकडा बऱ्याच वेळाने बदलतो आणि वाचणाऱ्याची फसगत होते. चार-पाच आकडेच निवडावेत.

कोड दिसला की तो लगेच पुसण्याचा मोह आवरावा. कोडसोबत संगणकाने फ्रीझ फ्रेम नावाची नोंद जपलेली असते. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनचा वेग किती होता, गाडी चालू होती की उभी, पाण्याचे तापमान काय होते, पेट्रोलची दुरुस्ती (मिश्रण सावरण्यासाठी संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतो ते) किती टक्के चालली होती, हे सगळे तिथे लिहिलेले असते आणि कोड पुसताच तेही जाते. ती नोंद वहीत उतरवून घ्यावी किंवा पडद्याचा फोटो काढावा. मियाटाची बॅटरी डिकीत असते आणि तिची तार काढून ‘रीसेट’ करण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने दिवा विझतो खरा, पण ही नोंदही पुसली जाते आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

कोड ही संगणकाची तक्रार असते, निकाल नव्हे. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तर अर्धे काम झाले. पी०१७१ म्हणजे ‘मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी’. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर खराब झाला, असे तो कोड म्हणत नाही. उलट बहुतेक वेळा सेन्सर खरेच सांगत असतो. माझ्या गाडीला हाच कोड आला तेव्हा एका गॅरेजने कन्व्हर्टरच्या पुढचा सेन्सर बदलला आणि दिवा पुन्हा लागल्यावर मागचाही बदलला. तिसऱ्या खेपेला मी फ्रीझ फ्रेम वाचली : इंजिनचा वेग मिनिटाला ७८० फेरे, गाडी उभी, पाणी पूर्ण तापलेले आणि पेट्रोलची दीर्घकालीन दुरुस्ती अधिक १८ टक्के. म्हणजे संगणक ठरल्यापेक्षा १८ टक्के जास्त पेट्रोल ओतत होता आणि तरीही मिश्रण पातळ पडत होते.

येथून पुढे आकड्यांची तुलना करायची. इंजिन गरम असताना आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) अल्पकालीन, म्हणजे त्या क्षणाच्या, आणि दीर्घकालीन, म्हणजे संगणकाने शिकून ठेवलेल्या, दुरुस्तीची बेरीज पाहावी, मग वेग २,५०० वर काही वेळ धरून ठेवून तीच बेरीज पुन्हा पाहावी. उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही. आयडलवर बेरीज मोठी आणि वाढत्या वेगाला लहान होत गेली, तर मोजल्याशिवाय हवा आत शिरते आहे; आयडलवर इंजिन अगदी थोडी हवा घेते, म्हणून छोटीशी फटही तिथे मोठी दिसते. याउलट आयडलवर सर्व ठीक आणि चढावर किंवा जोरात चालवताना बेरीज वाढत गेली, तर पेट्रोलचा दाब कमी पडतो आहे किंवा हवा मोजणारा सेन्सर कमी दाखवतो आहे. तो सेन्सर त्याच्यासाठी बनवलेल्या फवाऱ्यानेच साफ करावा, ब्रेक क्लीनरने कधीही नाही.

माझ्या गाडीत बेरीज आयडलवर २२ आणि २,५०० वर ५ होती. हवेच्या डब्याकडून निघून इंजिनवरून आडवी थ्रॉटलकडे जाणारी रबरी नळी या मॉडेलची सर्वांना माहीत असलेली दुखरी जागा आहे. वरून ती धडधाकट दिसत होती. क्लिप सैल करून ती काढली आणि पन्हळीचा भाग हाताने वाकवला, तेव्हा खालच्या एका घडीत नखाएवढी चीर उघडली. सरळ धरताच ती मिटून जात होती. नळी जागेवर असताना कितीही बारकाईने पाहिले असते तरी ती दिसली नसती. अशी चीर शोधण्याचा उत्तम उपाय म्हणजे धुराची चाचणी : गॅरेजवाले हवेच्या मार्गात कमी दाबाने धूर सोडतात आणि जिथून तो बाहेर येतो ती जागा सापडते. कार्ब्युरेटर क्लीनर फवारून वेग बदलतो का हे पाहण्याची पद्धत जुनी आहे, पण तापलेल्या एक्झॉस्टजवळ पेटणारा द्रव फवारणे मला मान्य नाही. नळ्यांबरोबर पीसीव्ही व्हॉल्व्हचे (इंजिनातली वाफ पुन्हा हवेच्या मार्गात सोडणाऱ्या झडपेचे) रबरही दाबून पाहावे, वीस वर्षांनी ते बिस्किटासारखे ठिसूळ होते.

ठिणगीच्या दोषाचे कोड वाचताना या इंजिनची रचना उपयोगी पडते. ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या दोन कॉइलवर चार सिलिंडर चालतात, पहिला-चौथा एका कॉइलवर आणि दुसरा-तिसरा दुसऱ्या कॉइलवर. म्हणून पी०३०१ आणि पी०३०४ (शेवटचा अंक सिलिंडरचा) जोडीने आले तर कॉइलवर संशय घ्यावा. एकटा पी०३०३ आला तर त्या सिलिंडरचा प्लग आणि त्याची वायर आधी बदलून पाहावी, त्यानंतर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडले, तर गळक्या वायरवरून निळसर ठिणग्या धावताना दिसतातही. तेव्हा हात मात्र लांब ठेवावा.

पी०४२० हा कोड लोकांना सर्वांत जास्त घाबरवतो, कारण तो कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटली असे म्हणतो आणि कॅलिफोर्नियात तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाची मान्यता असलेलाच कन्व्हर्टर बसवावा लागत असल्याने खर्च मोठा असतो. पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली होतो, मागचा मात्र ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहायला हवा. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टर थकला असण्याची शक्यता आहे; पण त्याआधी सेन्सरच्या पुढे एक्झॉस्टला कुठे गळती नाही ना, हे थंड इंजिन सुरू करून कान देऊन ऐकावे, कारण फटीतून आत ओढली जाणारी हवा सेन्सरला चकवते. ठिणगीचा किंवा मिश्रणाचा कोड सोबत असेल तर तो आधी मिटवावा, नाहीतर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल.

पेट्रोलच्या वाफेचे कोड (पी०४५५, पी०४४२) त्या मानाने निरुपद्रवी आहेत. टाकीच्या झाकणाचे रबर पाहावे, झाकण नीट आवळावे आणि आठवडाभर वाट पाहावी. ते भागले नाही तर धुराची चाचणी इथेही उपयोगी पडते, कारण संगणक अर्ध्या-एक मिलिमीटरचे छिद्रही पकडतो आणि ते डोळ्याला दिसत नाही.

दुरुस्ती झाल्यावर दिवा स्वतःहून विझू द्यायचा असेल, तर दोष न आढळता गाडी सुरू करून चालवण्याच्या सलग तीन फेऱ्या झाल्या की तो विझतो. कोड पुसला तर संगणकाच्या सगळ्या आत्मपरीक्षा (प्रदूषण रोखणाऱ्या भागांच्या त्याने स्वतः घेतलेल्या तपासण्या) पुन्हा शून्यापासून सुरू होतात. त्या पूर्ण नसतील तर स्मॉग चाचणी उत्तीर्ण होत नाही; २००० नंतरच्या पेट्रोल गाडीला फक्त वाफेची परीक्षा अपूर्ण चालते. म्हणून टाकी अर्धी भरलेली ठेवावी, गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंडच सुरू करावी, दोन-तीन मिनिटे आयडलवर राहू द्यावी आणि मग हायवेवर एकसारख्या वेगाने वीसेक मिनिटे न्यावी. असे तीन-चार दिवस केल्यावर स्कॅनरच्या ‘रेडिनेस’ पानावर सर्व परीक्षा पूर्ण दिसल्या, मगच चाचणीची वेळ ठरवावी.