खाणीच्या बदल्यात आलेली जमीन तपासायची कशी

भूकरमापक म्हणून 32 वर्षं मी पूर्व विदर्भातल्या जमिनी मोजल्या. खाणीला वनजमीन द्यायची तर तेवढीच बिगरवन जमीन वनखात्याला देऊन तिथं झाडं लावायची, असा मूळ नियम; यालाच पर्यायी वनीकरण म्हणतात. गावात भांडण पेटतं ते खाणीच्या जागेवरून. बदल्यातली जमीन बघायला मात्र कुणी जात नाही. ती बघाच.

आधी वन आणि पर्यावरण मंजुऱ्यांसाठीच्या केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर खाणीचा प्रस्ताव शोधा. खाणीची आणि पर्यायी वनीकरणाची, दोन्ही जागांच्या हद्दी दाखवणाऱ्या केएमएल फाइली उतरवून गूगल अर्थवर उघडा आणि जुन्या सालांची चित्रं बघा. बदल्यातली जागा दहा वर्षांपूर्वीही हिरवीगार दिसत असेल, तर साल टिपून ठेवा.

गट नंबर मिळाले की सातबारा काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. तलाठ्याकडून निस्तारपत्रक, म्हणजे चराई-सरपणासारख्या गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींची नोंद, मागा. आमच्याकडं खरी गोम तिथं सापडते: जमिनीपुढं 'झुडपी जंगल' अशी नोंद. झुडपी जंगल हे वनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 22 मे 2025 ला सांगितलं आहे. मग वनाच्या बदल्यात वनच दिलं, तर जंगलात भर काय पडली? अशा जागेवर पर्यायी वनीकरण दाखवायचं तर बिगरवन जमीन उपलब्ध नसल्याचा मुख्य सचिवांचा दाखला लागतो, आणि क्षेत्रही दुप्पट. त्या दाखल्याची प्रत लेखी अर्जानं मागा.

मग मे महिन्यात सब्बल आणि टेप घेऊन जागेवर जा. गेल्या उन्हाळ्यात मी अशाच एका गटात गेलो होतो. वीतभर खाली सब्बल मुरमावर खणखणली. तीन ठिकाणी खणलं, तिन्हीकडं तेच. साग सोडा, तिथं बाभूळही जीव धरणार नाही. एका कोपऱ्यात तुराट्या उभ्या होत्या, म्हणजे कुणीतरी ती जमीन कसत होतं. कागदावर त्या घराचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे खाणीला जाणाऱ्या जंगलात गेलो. एका मोहाला दोन्ही हातांची कव पुरेना. बाया तेंदूपत्ता तोडत होत्या. हिवाळ्यात तिथल्याच तळ्यावर शाळेच्या सहली येतात, पोरांना तिथं पाणपक्षी ओळखायला शिकवतात. हे सगळं गेल्यावर मुरमाच्या माळावर कुठून येणार?

मग जनसुनावणीत द्यायचा अर्ज तयार करा. त्यात नुसतं 'जंगल वाचवा' लिहू नका. गट नंबर, खड्ड्याची खोली, फोटो, तारीख, किती घरं तेंदू-मोहावर जगतात, सहली कधी येतात, सगळं लिहा. गावाला सामूहिक वनहक्काची, म्हणजे जंगलावरच्या गावाच्या एकत्रित हक्काची, मान्यता असेल तर प्रत जोडा, ग्रामसभेचा ठराव जोडा. ओडिशात नियमगिरी डोंगरावरच्या 12 ग्रामसभांनी 2013 मध्ये खाणीला नकार दिला, आणि खाण झाली नाही.

खाणीच्या पर्यावरण मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी होते; तिची नोटीस किमान 30 दिवस आधी निघते. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शेवटी नोंदवलेले मुद्दे तिथंच मराठीत वाचून दाखवावे लागतात; ते ऐकल्याशिवाय मांडवातून उठू नका. एका सुनावणीत आमची माणसं शेवटची एसटी गाठायला निघून गेली, आणि झुडपी जंगलाचा मुद्दा कार्यवृत्तात आलाच नाही. अजून सलतं ते. तेव्हापासून सुनावणीच्या गावात दोघांच्या मुक्कामाची सोय मी आधीच करून ठेवतो.