मणी कौल यांचा प्रभाव कसा ओळखावा

ठाण्यात, तलावपाळीच्या गजबजाटापासून दूर, फोन बाजूला ठेवून प्रथम दिग्दर्शक मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ हा चित्रपट सलग पाहावा. कथा पुढे सरकत नाही म्हणून अस्वस्थ न होता, हाताची एक हालचाल पडद्यावर किती वेळ राहते ते मोजावे.

कौल पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक यांचे विद्यार्थी होते. पुढे, पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल उभारणाऱ्या रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ते ध्रुपद ही शास्त्रीय संगीतातील जुनी, संथ शैली शिकले. म्हणून तासभर ध्रुपदाचा आलाप ऐकून मगच कौल यांचा १९७३चा ‘दुविधा’ पाहावा. स्वर जसा सावकाश उलगडतो, तशी इथे प्रतिमा उलगडते, आणि माझ्या मते त्यांच्या प्रभावाचे मूळ इथेच आहे.

नंतर आजचा एखादा संथ मराठी चित्रपट निवडून, त्यातील लांबलेले दृश्य कथेसाठी थांबले आहे की काळासाठी, एवढेच वहीत नोंदवावे.