बाळाला दूध बाधतंय? मग या चुका टाळा

कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीची धार थेट ग्लासात घेऊन उभ्याउभ्या पिणाऱ्यांचं हे गाव. इथं ‘बाळाला दुधाची अ‍ॅलर्जी असेल’ असं म्हणायलासुद्धा धाडस लागतं. माझी बहीण तसं म्हणाली, तर तिच्या सासूबाई चकितच झाल्या, “दुधानं कवा कुणाला काय झालंय व्हय?”

बाळ अडीच महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं. शी शेंबडासारखी चिकट, त्यात रक्ताचे लाल धागे आणि गालांवर खरखरीत पुरळ. तीन आठवडे आम्ही ‘उष्णता असेल’ म्हणत गुटी बदलण्यात घालवले. पहिली चूक आमचीच. शीमध्ये रक्त दिसलं की लंगोटाचा फोटो काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उलट टोकालाही जाऊ नका. ओकी टाकणारं प्रत्येक बाळ अ‍ॅलर्जीचं नसतं. वजन नीट वाढतंय, बाळ खेळतंय, तर बहुतेक वेळा ती साधी ओकीच असते.

दुसरी चूक जास्त महागात पडते: अंगावरचं पाजणं बंद करणं. आईनं खाल्लेल्या दुधदुभत्यातलं प्रथिन थोडंसं तिच्या दुधात उतरतं, त्रास होतो तो त्याचा. म्हणून पाजणं चालूच ठेवायचं आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं आईनं दोन ते चार आठवडे दुधाचं सगळं सोडायचं. सगळं म्हणजे चहातलं दूध, ताक, अळिवाची खीर, पेढा आणि डिंकाच्या लाडवातलं तूपही, कारण तुपात प्रथिनाचा अंश राहू शकतो. बिस्किटाच्या पुड्यावर दूध पावडर, मिल्क सॉलिड्स किंवा व्हे, केसिन (ही दुधातलीच प्रथिनं) यांपैकी काही छापलंय का ते बघा. बहिणीचा पहिला प्रश्न मात्र पांढऱ्या रश्श्याचा होता! घरचा, नारळाच्या दुधाचा असेल तर चालतो. हॉटेलात विचारून घ्या. या काळात आईला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून सुरू करावं.

मग कुणीतरी शेळीचं दूध सुचवतंच. ‘हलकं असतंय.’ पण शेळीच्या, म्हशीच्या आणि गाईच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की एक बाधलं तर बहुतेक बाळांना दुसरंही बाधतं. उकळूनही उपयोग नाही, केसिन उष्णतेला दाद देत नाही. पाणी घालून पातळ केलं, तर बाळाचं पोषण तेवढं कमी. तसंही वर्षाच्या आत वरचं दूध मुख्य आहार म्हणून द्यायचंच नसतं. लॅक्टोज नसलेलं दूधही इथं कामाचं नाही. लॅक्टोज ही साखर, अ‍ॅलर्जी असते प्रथिनाची. बाळ डब्यावरच असेल तर प्रथिनाचे बारीक तुकडे केलेली खास पावडर मिळते, ती डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच.

रक्ततपासणी नकारार्थी आली म्हणून निश्चिंत होणं ही आणखी एक चूक. काही तासांनी किंवा दिवसांनी उमटणारी, पोटाची अ‍ॅलर्जी त्या तपासणीत सापडत नाही. दुसरा प्रकार झटपट असतो: दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांपासून दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, उलट्या. श्वासाला घरघर लागली किंवा बाळ मलूल पडलं, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

सगळ्यात जास्त राहून जाते ती उलटतपासणी. दूध सोडल्यावर बरं वाटलं, की घरचे तिथंच थांबतात. बहिणीनं चार आठवड्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुन्हा दुधाचा चहा घेतला. तिसऱ्या दिवशी लाल धागे परत. तेव्हा कुठं निदान पक्कं झालं आणि सासूबाईंनी स्वतःहून लाडू तिळाच्या तेलात वळले. झटपट प्रकारात मात्र हा प्रयोग घरी करायचा नाही, दवाखान्यातच.

बहुतेक मुलांची ही अ‍ॅलर्जी तीन ते पाच वर्षांपर्यंत जाते. दूध कमीत कमी सहा महिने बंद ठेवून, नऊ ते बारा महिन्यांच्या वयात डॉक्टर पुन्हा चाचपून बघतात: आधी भाजलेल्या बिस्किटातलं दूध, मग हळूहळू वर. आमचं बाळ सध्या दह्याच्या पायरीवर आहे. ग्लासभर दुधाला अजून अवकाश आहे.