आधी फाईल, मग पुस्तक: एफएमजीईच्या तयारीची यादी

दर उन्हाळ्यात सोलापुरात अशोक चौकातल्या आमच्या घरी कुणाची तरी आई येते. मुलगा किंवा मुलगी किर्गिझस्तानला, जॉर्जियाला, रशियाला नाहीतर फिलिपाइन्सला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला असते. प्रश्न ठरलेला असतो, "ताई, आल्यावर क्लास कुठला लावायचा?" मी त्यांना आधी फाईल आणायला सांगते. मी स्वतः किर्गिझस्तानातल्या बिश्केकहून परतले तेव्हा मला कुणी हे सांगितलं नव्हतं. एफएमजीई, म्हणजे परदेशात डॉक्टरकी शिकून आलेल्यांना भारतात नोंदणीसाठी द्यावी लागणारी परीक्षा; तिच्या पहिल्या प्रयत्नात मला १४३ गुण मिळाले, पास व्हायला १५० लागतात. ते सात गुण अभ्यासात कमी पडले होतेच, पण त्याआधीचे दोन महिने नावातल्या एका अक्षरापायी गेले होते. म्हणून पुढे लिहिलंय ते शक्यतो त्याच क्रमाने करा.

ते अक्षर आधी सांगते. रशियन लिपीत आपल्या 'ह'साठी नेमकं अक्षर नाही. माझं नाव तिथल्या कागदावर गेलं आणि डिग्रीच्या इंग्रजी भाषांतरात परत आलं तेव्हा 'ह'चा 'ख' झाला होता. पासपोर्टवर एक नाव, डिग्रीवर दुसरं. आपल्याकडे आणखी एक गोंधळ असतो: दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि पासपोर्टवर वेगळाच क्रम. पूर्व भागातल्या आमच्या तेलुगू आडनावांचं स्पेलिंग तर शाळेत एक, आधारवर दुसरं असतं. तेव्हा शेवटचं वर्ष सुरू असतानाच पासपोर्ट, दहावी-बारावीच्या मार्कशीट, नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल आणि कॉलेजने दिलेला प्रत्येक कागद चटईवर मांडा, शेजारी घरातल्या कुणाला तरी बसवा आणि अक्षरन् अक्षर मोठ्याने वाचून जुळवा. चूक सापडली तर ती तिथेच, डीन ऑफिसच्या दारात उभं राहून दुरुस्त करून घ्या. भारतात आल्यावर तेच काम ज्युनिअरच्या हातापाया पडून, मुखत्यारपत्र पाठवून करावं लागतं.

डिग्री हातात आली की तिच्यावर त्या देशाचं ॲपॉस्टिल (कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशांत चालणारा सरकारी शिक्का) किंवा तिथल्या भारतीय दूतावासाचं साक्षांकन हवं. हे काम इथे येऊन होत नाही, कारण परदेशी कागदावर भारतातून ॲपॉस्टिल मिळत नाही. विमानाचं तिकीट काढायच्या आधी हा शिक्का बसला पाहिजे, मग निरोप समारंभ. ट्रान्स्क्रिप्टच्या, म्हणजे सगळ्या वर्षांच्या विषयवार गुणपत्रकाच्या, दोन मूळ प्रती मागा. इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

१८ नोव्हेंबर २०२१ नंतर ज्यांनी प्रवेश घेतला त्यांच्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे त्या दिवशीचे नियम लागू आहेत, आणि ते आमच्या वेळेपेक्षा कडक आहेत. किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमातून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात डॉक्टरकी करण्याची पात्रता, मग भारतात आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि हे सगळं प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत. नीट परीक्षा उत्तीर्ण असणं २०१८ पासून बंधनकारक आहेच. प्रत्येक अटीसमोर तुमच्याकडचा कोणता कागद ती सिद्ध करतो हे वहीत लिहा. समोर कागद नसेल ती ओळ लाल पेनाने. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या वहीत बहुतेक वेळा इंटर्नशिपच्या पत्राची ओळ लाल असते, कारण पत्रावर सुरुवात आणि शेवटची तारीखच नसते. तारखा, विभाग, सही, शिक्का असं सगळं असलेलं पत्रच घ्या.

आता परीक्षा. एफएमजीई वर्षातून दोनदा होते, वैद्यकीय परीक्षांचं नॅशनल बोर्ड घेतं. ३०० प्रश्न, सकाळी १५० आणि दुपारी १५०, प्रत्येक सत्राला १५० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. इथे रँक नाही, आरक्षण नाही, दुसऱ्याला मागे टाकायचं नाही. १५० मिळाले की झालं. तरी अलीकडच्या अनेक सत्रांत साधारण चार-पाच जणांमागे एकच पास झालाय. मुलं हुशार नसतात म्हणून हे होतं असं मला अजिबात वाटत नाही. चुकीच्या पुस्तकापासून सुरुवात केल्याने होतं.

गुणांची वाटणी माहितीपुस्तिकेत दिलेली असते, ती कापून भिंतीवर चिकटवा. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७. पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकोलॉजी प्रत्येकी १३. फॉरेन्सिक १०. मेडिसिन ३३ आणि त्याच्यासोबत मानसोपचार, त्वचारोग, रेडिओथेरपी पाच-पाच. सर्जरी ३२, तिच्यासोबत भूल, ऑर्थो, रेडिओलॉजी पाच-पाच. बालरोग, डोळे, कान-नाक-घसा प्रत्येकी १५. स्त्रीरोग-प्रसूती ३० आणि पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा विषय, ३०. हे आकडे नीट बघा. ॲनाटॉमीचं जाडजूड पुस्तक १७ गुणांचं आणि कान-नाक-घशाचं बारीक पुस्तक १५ गुणांचं. मी पहिल्या वेळी ॲनाटॉमीला सव्वा महिना दिला आणि डोळे व कान-नाक-घसा मिळून चार दिवसांत उरकले. दुसऱ्या वेळी उलटं केलं. या दोन विषयांना पंधरा दिवस, तेही सुरुवातीला, आणि शेवटच्या आठवड्यात पुन्हा एकदा. ॲनाटॉमीत फक्त नसा, भ्रूणविज्ञान आणि वारंवार विचारल्या जाणाऱ्या आकृत्या.

पण माझा जीव सगळ्यात जास्त पीएसएमसाठी तुटतो. बाहेर शिकलेल्या मुलांना नेमका हाच विषय भारताचा म्हणून शिकवलेला नसतो, आणि तो घरातून, गल्लीतून शिकता येतो. उपकेंद्र सपाट भागात ५,००० लोकसंख्येला, प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० ला, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीचं केंद्र १,२०,००० ला. डोंगरी भागात ३,०००, २०,००० आणि ८०,०००. हे पाठ होत नसेल तर अक्कलकोट किंवा मोहोळ तालुक्यातल्या आपल्या आजोळच्या गावाचं उपकेंद्र डोळ्यांसमोर आणा आणि तिथून मोजत वर या. लसीकरणाचं वेळापत्रक मी वहिनीच्या बाळाच्या कार्डावरून शिकले. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी. सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा. नऊ महिन्यांना गोवर-रुबेला. त्या कार्डावर आशाताईंनी पेनाने खुणा केल्या होत्या, आणि परीक्षेत प्रश्न आला तेव्हा मला त्या खुणाच दिसल्या. तुमच्या वॉर्डातल्या अंगणवाडी सेविकेशी अर्धा तास बोला. क्षयरोगाचा कार्यक्रम, दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, हे आमच्याकडे विडी आणि यंत्रमागाच्या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही, इतकी घरं त्यातून गेली आहेत.

तसंच विषबाधेचं. कीटकनाशक प्यायलेला पेशंट, त्याच्या बारीक झालेल्या बाहुल्या, तोंडाला फेस, त्यावरची ॲट्रोपिन आणि पॅम ही औषधं. साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. पहिल्या दोघांचं विष मज्जातंतूंवर, पुढच्या दोघांचं रक्तावर. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी कधी करायची, हे बिश्केकला मला कुणी विचारलं नव्हतं आणि सोलापूर जिल्ह्यात ते रोजचं आहे. परीक्षेपुरतं नको, खरंच शिका.

फॉरेन्सिकमध्ये एक खड्डा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ होतं ते आता १०३, निष्काळजीपणाने मृत्यूचं ३०४अ होतं ते १०६. सीनिअरने दिलेल्या जुन्या नोट्समध्ये जुनेच आकडे असतील. दोन्ही रकान्यांचा तक्ता स्वतः करा. गर्भपाताच्या कायद्यातली २०२१ ची दुरुस्ती, म्हणजे २० आणि २४ आठवड्यांची मर्यादा, त्याच पानावर लिहून ठेवा.

क्लास लावायचा की नाही? मोबाईलवरचा एक लावा, एकच. दोन लावलेली मुलं दोन्ही अर्धे सोडतात. प्रश्नसंच मात्र रोज हवा, दिवसाला किमान शंभर प्रश्न, आणि चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही. ती वही शेवटच्या दहा दिवसांत पुस्तकांपेक्षा मोलाची ठरते. दर रविवारी सकाळी १५० आणि दुपारी १५० प्रश्न घड्याळ लावून सोडवा. पहिल्या दोन रविवारी दुपारचं सत्र पूर्ण होणार नाही, डोकं जड होईल. तेच तर शिकायचं असतं.

बसायचं कुठे हा प्रश्न सोलापुरात लहान नाही. आमच्या घरी खालच्या मजल्यावर माग चालतात, वर माझी खोली. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि दुपारी वीज गेली की पंखाही नाही. मी नवी पेठेजवळच्या अभ्यासिकेत जागा घेतली. तिथे बहुतेक सगळे एमपीएससीवाले. त्यांच्याकडून मी एक चांगली सवय उचलली: सकाळी सहाला जागेवर, साडेअकराला घरी जेवण, मग थोडी झोप, पुन्हा चार ते नऊ. डबा साधा, भाकरी, शेंगाचटणी, ताक. परतताना अधूनमधून भैय्या चौकातून यायचे. तिथे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. सोलापूरचा हा मुलगा १९३८ साली वैद्यकीय पथकासोबत चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. परदेशातून आलेल्या डॉक्टरकडे लोक संशयाने बघतात त्या दिवसांत मला तिथे पाच मिनिटं थांबून बरं वाटायचं.

घरच्यांशी एकदा स्पष्ट बोला. "डॉक्टर झाली ना, मग अजून कसली परीक्षा?" हे लग्नात, हळदीकुंकवात, बँकेत कर्जाच्या हप्त्याला, सगळीकडे ऐकावं लागतं. आई-वडिलांना परीक्षेची तारीख, निकालाचा साधारण काळ आणि पुढच्या इंटर्नशिपचं वर्ष कॅलेंडरवर दाखवा. ते लोकांना काय ते सांगतील. आणि हे मी हात जोडून सांगते: पैशाची ओढ कितीही असली तरी नोंदणीशिवाय कुठल्याही खाजगी दवाखान्यात रात्रपाळी करू नका. 'फक्त बीपी बघायचा, सलाईन लावायचं' असं सांगून बोलावतात. पेशंटला काही झालं तर कायदा तुम्हाला डॉक्टर मानत नाही, आणि पेशंटला खरंच काही होऊ शकतं.

अर्ज भरताना फोटो, सही, अंगठ्याचा ठसा सांगितलेल्या मापातच द्या. केंद्र सोलापुरातच मिळेल असं धरू नका. पुणे, मुंबई, हैदराबाद कुठेही जायची तयारी ठेवा. तारखाही आपल्या सणांशी गाठ घालतात. डिसेंबर २०२४ चं सत्र १२ जानेवारी २०२५ ला झालं, म्हणजे सोलापुरात ऐन सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. जूनचं सत्र जुलैत गेलं की पंढरपूरच्या वारीची गर्दी. गाड्यांची तिकिटं म्हणून अर्जाच्याच दिवशी काढा. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी निघून पुण्याला पोचते, पण परीक्षेच्या दिवशी तिच्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशी जा. केंद्र संध्याकाळी एकदा बघून या. सोबत प्रवेशपत्राच्या दोन प्रती, मूळ ओळखपत्र. कानातलं, बांगड्या, साखळी, मनगटातला धागा, घड्याळ सगळं घरी. सिद्धरामेश्वराचा अंगारा कपाळाला लावून निघा, धागा मात्र काढा. ऐन दारात कात्रीने कापताना जीव कासावीस होतो.

निकालात नाव दिसलं तरी फाईल बंद करू नका. पास सर्टिफिकेटसाठी मूळ कागद घेऊन दिल्लीत द्वारकेला, बोर्डाच्या कार्यालयात स्वतः जावं लागतं. त्यानंतर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिपची जागा. या इंटर्नशिपसाठी महाविद्यालयाने पैसे मागायचे नाहीत अशी आयोगाची सूचना आहे, ती छापून जवळ ठेवा. आपल्या वैशंपायन स्मृती महाविद्यालयात, म्हणजे सिव्हिलमध्ये, जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर जिथे मिळेल तिथे लगेच रुजू व्हा; दहा वर्षांचं घड्याळ चालू असतं.

दिल्लीला कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरवरून जाते. खालचा बर्थ मागा. मूळ कागदांची फाईल बॅगेत नको, प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोलापुरी चादरीत गुंडाळा आणि उशाला घ्या. झेरॉक्सचा दुसरा संच वेगळ्या बॅगेत, आणि सगळ्याचे फोटो घरी भावाच्या मोबाईलवर.