स्वॅब कधी द्यायचा, कागद कोणते न्यायचे: महासाथीतला परदेश प्रवास

कोविडच्या काळात चेक-इन काउंटरवरून परत फिरावं लागलेल्या अनेक प्रवाशांच्या हातात निगेटिव्ह रिपोर्ट होता. फक्त तो मुदतीपेक्षा चार तास जुना पडला होता, चुकीच्या प्रकारच्या चाचणीचा होता, किंवा त्यावरचं नाव पासपोर्टशी जुळत नव्हतं. नियम देशोदेशी वेगळे असतात आणि बदलत राहतात, पण गफलती त्याच त्या होतात. पुढे कधी अशी वेळ आली तर कामाला येईल अशी ही पद्धत आहे.

तुमचे कागद सगळ्यात आधी तपासतो तो काउंटरवरचा विमान कंपनीचा कर्मचारी, परदेशातला अधिकारी नव्हे. नियमात न बसणारा प्रवासी पलीकडे उतरवला, तर त्याला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते, शिवाय दंडही होऊ शकतो. त्यामुळे तो कर्मचारी सहसा स्वतःची अक्कल चालवत नाही. विमान कंपन्या यासाठी आयाटा या त्यांच्या जागतिक संघटनेची ‘टायमॅटिक’ ही प्रणाली वापरतात. नागरिकत्व, प्रवासाचा मार्ग आणि मधले थांबे दिले की त्या प्रवाशाला काय लागतं ते तिथे दिसतं. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवरही ही माहिती बघता येते. आपण तीच बघावी, त्या देशाच्या सरकारी पानाशी ताडावी आणि सरकारी पानाची तारखेसह छापील प्रत जवळ ठेवावी. काउंटरवर वाद झाला तर नातेवाइकाच्या अनुभवापेक्षा ही प्रत उपयोगी पडते.

आधी घड्याळ समजून घ्या

‘७२ तासांच्या आतला रिपोर्ट’ असं वाचलं की लोक रिपोर्टवरची तारीख बघतात. बहुतेक नियमांत घड्याळ सुरू होतं ते नमुना घेतल्याच्या क्षणापासून, निकाल आल्यापासून नाही. पण ते थांबतं कुठे, हे देशागणिक बदलतं. काही देश पहिल्या विमानाच्या सुटण्याची वेळ धरत, काही शेवटच्या टप्प्याच्या सुटण्याची, तर काही पोहोचण्याची. या तिन्हींत सहज अर्ध्या दिवसाचा फरक पडतो.

उदाहरण घेऊ. विमान शनिवारी पहाटे २:३० ला सुटणार आहे आणि स्वॅब बुधवारी सकाळी ९ ला दिला. सुटण्याच्या वेळेपर्यंत ६५.५ तास होतात, म्हणजे ७२ च्या नियमात बसलो आणि विमानाला उशीर झालाच तर साडेसहा तास हाताशी राहिले. आता नियम ‘पोहोचण्याआधी ७२ तास’ असा असेल आणि मधल्या थांब्यासह प्रवास १६ तासांचा असेल, तर हाच रिपोर्ट उतरताना ८१.५ तासांचा होतो. बाद! तेव्हा स्वॅब गुरुवारी सकाळी ९ ला द्यायला हवा. २४ तासांनी, शुक्रवारी सकाळी निकाल आला, तरी विमानाला साडेसतरा तास उरतात. हा हिशेब निघण्याच्या ठिकाणच्या घड्याळानेच करा. पोहोचण्याची वेळ तिथल्या स्थानिक वेळेत छापलेली असते, ती आधी आपल्या वेळेत बदलून घ्या.

तास आणि दिवस यांतही फरक आहे. अमेरिकेने २६ जानेवारी २०२१ पासून निघण्याआधी ३ दिवसांच्या आतली चाचणी मागितली होती, आणि ते दिवस कॅलेंडरचे होते. शनिवारच्या कुठल्याही वेळेच्या विमानाला बुधवारी कधीही दिलेला नमुना चालत असे. ६ डिसेंबर २०२१ पासून ती मुदत १ दिवसावर आली, तेव्हाही मोजणी दिवसांचीच राहिली. ‘तास’ लिहिलं असेल तर तास मोजा, ‘दिवस’ लिहिलं असेल तर तारखा. मध्यरात्रीनंतरच्या विमानांबाबत इथे हमखास घोळ होतो: १५ तारखेला रात्री १२:४० ला सुटणाऱ्या विमानासाठी घरातून निघायचं असतं १४ ला, पण मोजणी मात्र १५ पासून मागे जाते.

मुदत आणि प्रयोगशाळेचा वेग यांचा मेळ घालणं हेच यातलं खरं काम. मुदत ७२ तासांची असेल तर प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी पहिल्या तासात नमुना देणं सहसा सोयीचं पडतं. मुदत २४ तासांची असेल आणि नियमात अँटिजेन चालत असेल, तर आरटी-पीसीआरच्या मागे लागू नका. अँटिजेनचा निकाल १५ ते ३० मिनिटांत येतो. प्रयोगशाळेला ‘किती वेळात मिळेल’ असं विचारू नका. ‘सकाळी नऊला नमुना दिला तर उशिरात उशिरा किती वाजता रिपोर्ट येईल, आणि सुटीच्या दिवशी मशीन चालू असतं का,’ असं विचारा.

रिपोर्टवर काय हवं

चाचणीचा प्रकार नियमातल्या शब्दांशी जुळायला हवा. आरटी-पीसीआर, इतर न्यूक्लिक अॅसिड चाचण्या, अँटिजेन आणि अँटिबॉडी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. अँटिबॉडी चाचणी पूर्वीच्या संसर्गाची किंवा लशीची खूण दाखवते, त्यामुळे आत्ता संसर्ग नाही याचा पुरावा म्हणून ती चालत नाही. घरी स्वतः केलेली चाचणीही बहुतेक ठिकाणी चालत नसे. अमेरिकेने ती मान्य केली, पण आरोग्य कर्मचाऱ्याने व्हिडिओवरून थेट देखरेख केली असेल तरच. काही देश नमुना कुठला, हेही बघत. त्यामुळे नाक-घशाचा स्वॅब की लाळ, हे रिपोर्टवर छापलेलं असावं.

बाकी तपशील नोंदणीच्या टेबलावरच पक्के करून घ्या: पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, नमुना घेतल्याची आणि निकालाची तारीख व वेळ, चाचणीचा प्रकार, निकाल, प्रयोगशाळेचं नाव, पत्ता आणि संपर्क. यातली नमुना घेतल्याची वेळ सगळ्यात जास्त वेळा राहून जाते, कारण साध्या रिपोर्टवर कित्येकदा फक्त तारीख असते. नोंदणी करतानाच ‘प्रवासासाठी’ असं सांगा आणि पासपोर्ट पुढे करा, नाव तोंडी सांगू नका. रिपोर्टवर चूक सापडली तर ती प्रयोगशाळेकडूनच दुरुस्त करून घ्या. पीडीएफमध्ये स्वतः एक अक्षर जरी बदललं तरी तो बनावट कागद ठरतो.

नावाच्या बाबतीत पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी छापलेल्या दोन ओळी बघा. यंत्र त्याच वाचतं. तिकीट, रिपोर्ट आणि लशीचं प्रमाणपत्र या तिन्हींवर तेच नाव हवं. मधलं नाव एका कागदावर असणं आणि दुसऱ्यावर नसणं बहुधा खपून जातं. लग्नापूर्वीचं आडनाव मात्र अडतं.

जन्मतारखेचंही तसंच. २०२१ च्या शरद ऋतूत भारताच्या लस प्रमाणपत्रावर फक्त वय छापलेलं असे आणि ब्रिटनला पूर्ण जन्मतारीख हवी होती. शेवटी कोविन या सरकारी लसनोंदणी संकेतस्थळावर परदेश प्रवासासाठी पूर्ण जन्मतारखेचं वेगळं प्रमाणपत्र द्यावं लागलं. पासपोर्ट नवा केला असेल तर प्रमाणपत्रावर जुना क्रमांक राहिलेला असतो. तो बदलून घ्या, नाहीतर जुना पासपोर्ट सोबत न्या.

क्यूआर कोड दोन जातींचे असतात. युरोपीय संघाच्या डिजिटल प्रमाणपत्राच्या कोडमध्येच माहिती आणि डिजिटल स्वाक्षरी होती, त्यामुळे तो नेटशिवायही तपासता येई. अनेक प्रयोगशाळांचा कोड मात्र फक्त त्यांच्या सर्व्हरचा पत्ता असतो. रिपोर्ट हातात आला की दुसऱ्या कुणाच्या फोनने तो स्कॅन करून बघा. तुमच्या नावाचा रिपोर्ट उघडायला हवा. लॉगिनचं पान उघडलं तर लगेच प्रयोगशाळेला फोन लावा. छापील प्रतीची घडी कोडवरून जाऊ देऊ नका.

लस, बरं झाल्याचा दाखला, फॉर्म

‘लस पूर्ण’ म्हणजे बहुतेक ठिकाणी शेवटच्या डोसनंतर १४ दिवस झालेले, असं धरत. दुसऱ्या टोकालाही मुदत असू शकते: युरोपीय संघाने १ फेब्रुवारी २०२२ पासून बूस्टर नसलेल्या प्रमाणपत्राला प्रवासासाठी २७० दिवसांची मर्यादा घातली होती.

नुकतंच आजारातून उठलेल्यांची अडचण वेगळी. संसर्ग संपला तरी विषाणूचे अवशेष राहतात आणि आरटी-पीसीआर काही आठवडे पॉझिटिव्ह येत राहू शकते. पुन्हा पुन्हा चाचणी करण्यात पैसे घालवण्यापेक्षा बरं झाल्याचा दाखला चालतो का ते आधी बघा. अमेरिकेत ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरचं पत्र अशी जोडी चालत असे. पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट कधीच फेकू नका, तो इथे लागतो.

ऑनलाइन घोषणापत्रालाही मुदत असते. ब्रिटनचा प्रवासी माहितीचा फॉर्म १८ मार्च २०२२ ला बंद होईपर्यंत पोहोचण्याआधीच्या ठरावीक तासांतच भरता येत असे. त्यात आसन क्रमांक, मुक्कामाचा पत्ता आणि मागच्या काही दिवसांत कुठे कुठे होता हे विचारत. यात मधला थांबाही धरला जाऊ शकतो. फॉर्म सरकारी पत्त्यावरच भरा. शोधयंत्रात जाहिरात म्हणून वर येणारी, ‘सेवा शुल्क’ मागणारी पानं सरकारी नसतात.

ट्रान्झिट देशाचे, म्हणजे जिथे मधला थांबा आहे त्या देशाचे, नियम स्वतंत्रपणे वाचावे लागतात. दोन विमानं एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) असतील आणि सामान थेट शेवटपर्यंत जात असेल, तर सहसा इमिग्रेशन ओलांडावं लागत नाही. वेगवेगळी तिकिटं काढली तर मध्ये बाहेर येऊन सामान घ्यावं लागू शकतं, आणि मग त्या देशात प्रवेशासाठीचे सगळे नियम लागतात. स्वस्त पडलं म्हणून तोडून काढलेलं तिकीट इथे महागात जातं.

नियम लागू होतो तो प्रवासाच्या दिवशीचा, तिकीट काढलं त्या दिवशीचा नव्हे. २६ नोव्हेंबर २०२१ ला ओमायक्रॉनचं नाव जाहीर झालं आणि दोन आठवड्यांच्या आत ब्रिटनने निघण्यापूर्वीची चाचणी परत आणली, अमेरिकेने मुदत कमी केली. म्हणून तिकीट काढताना एकदा, आठवडाभर आधी एकदा, स्वॅब देण्याच्या आदल्या दिवशी आणि घरातून निघताना असं चार वेळा नियम बघा. तारीख बदलता येणारं तिकीट घ्या.

कागद हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या सुटकेसमध्ये नाही. छापील दोन संच करा आणि फोनमध्ये नेटशिवाय उघडतील अशा प्रती ठेवा. मुलांचे संच वेगळे करा, कारण चाचणीतून सूट मिळण्याचं वय सगळीकडे सारखं नसतं: अमेरिकेत २ वर्षांखालच्यांना सूट होती, भारतात ५ वर्षांखालच्यांना.

परतीच्या चाचणीची जागा निघण्याआधीच ठरवा, तिथल्या सुट्यांचं कॅलेंडर बघून. तिथे पॉझिटिव्ह आलात तर मुक्काम आठ-दहा दिवस लांबतो. तेव्हा व्हिसाच्या शेवटच्या तारखेपुढे तेवढी जागा असावी, विम्यात विलगीकरणाचा खर्च धरलेला असावा, आणि रोजची औषधं दोन आठवडे जास्त न्यावीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीत कंपनीने औषधाला दिलेलं नाव एवढंच नको, मूळ औषधाचंही हवं, कारण तिथल्या दुकानात तेच ओळखतात.